पाच पायल्यांची फ्रुमंटी

हुसेनमियाँ खानसाम्यानं आम्हाला फसवलं. आमच्याच चुलीवरची हुग्गी त्यानं आमच्याच कट्ट्यावर बसून आम्हालाच विकली, आणि बदल्यात पाच पायल्या उखळात सडलेला खपली गहू डोक्यावर घेऊन गेला. पुढच्या आयुष्यात मी भल्याभल्या आडत्यांना रडवलं, धान्याच्या बाजारात माझं नाव काढलं की दलाल आधी पाणी मागत; पण माझ्या वयाच्या पंधराव्या वर्षी झालेला हा सौदा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही. लोक म्हणतात, गौरव्वा, एवढ्या वर्षांनी कशाला उगाळता? उगाळते, कारण त्यात ज्याचं खरं नुकसान झालं ते माणूस तोंडातून शब्द काढणारं नव्हतं.

आमचं घर शुक्रवार पेठेत. पुढं अप्पांचं धान्याचं दुकान, दुकानाबाहेर दगडी कट्टा, कट्ट्याला लागून स्वयंपाकघराची खिडकी. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, त्याच्या पाठोपाठ शेजारच्या तेलुगू विणकरांचे माग खडखडायला लागायचे, आणि त्या दोन्हींच्या आत कुठंतरी आमच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, मुसळ. भोंगा बंद व्हायचा, माग जेवणाच्या वेळेला थांबायचे, अव्वाचं मुसळ थांबलेलं मला आठवत नाही. घरात रोजचं खाणं म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी, एखादी पालेभाजी आणि ताक. भाकरी मोडली की पलीकडच्या खोलीत ऐकू जायची. सणाला मात्र हुग्गी. आमच्याकडची हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. पण गहू साधा चालत नाही, खपलीच लागते. तिला पाण्याचा हात लावायचा, झाकून ठेवायची, मग उखळात घालून टरफल सुटेपर्यंत सडायची, सुपात पाखडायची, आणि मंद आचेवर दाणा फुलून फुटेपर्यंत शिजवायची. मग गूळ, सुंठ, जायफळ, किसलेलं खोबरं. वाढताना वरून दूध आणि तूप. अव्वाच्या हातची हुग्गी खाऊन माणसं भिंतीला टेकून बसत आणि थोडा वेळ कुणाशी बोलत नसत.

अप्पा स्वभावानं मऊ. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की त्यांनाच लाज वाटायची. त्यामुळं दहाव्या वर्षापासून मी गल्ल्यामागं बसायला लागले आणि दुकान जरा सुधारलं. हुसेनमियाँ आमचं जुनं गिऱ्हाईक. तो एका गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यावर खानसामा होता. त्याआधी होटगी स्टेशनात गोऱ्या उतारूंना चहा-बिस्किटं द्यायचा म्हणे. डोक्याला पांढराशुभ्र फेटा, मिशीला मेण, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच बंगल्यात राहतो असं वाटावं. तो कट्ट्यावर बसायचा. उंबरा ओलांडायचा नाही. त्या काळी आमच्या घराची रीतच तशी होती, आणि ती रीत मोठ्या भक्तीची आहे असं आम्हाला वाटायचं. आज ते लिहिताना लाज वाटते. पण त्या रीतीवाचून पुढची गोष्ट घडलीच नसती, म्हणून सांगून टाकते. संक्रांतीला अव्वानं त्याच्या स्वतःच्या डब्यात खिडकीतून हुग्गी ओतली होती. त्यानं डबा हुंगला, "या अल्ला" म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो दर आठवड्याला सडलेली खपली न्यायला लागला. मी विचारलं, "बंगल्यात एवढी खपली कोण खातंय ओ?" तर म्हणाला, "घोडी बिमार हाय." मी विश्वास ठेवला. पंधरा वर्षांच्या मुलीनं घोडीवर विश्वास ठेवला तर त्यात तिचा काय दोष?

त्याच सुमाराला शांताक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, सोयरीक निघाली. मुलगा चांगला, शाळेत मास्तर. आडवा होता तो त्याचा बाप. बाप गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क. धोतरावर कोट, कोटाला घड्याळाची साखळी. घरी तो बायकोशीसुद्धा "आय सी" म्हणून बोलतो, असं लोक सांगत. त्यानं आधी दोन मुली नाकारल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच दिलं होतं: जेवायला हुग्गी वाढली, घर खेडवळ आहे. आमच्याकडं निरोप आला तोही तसाच. मुलगी बघू, जेवू, पण हुग्गी-बिग्गी नको, काहीतरी सुधारलेलं करा.

अव्वा निरोप ऐकून उखळापाशी जाऊन बसली. तिला दुसरं गोड येतच नव्हतं असं नाही. पण लेकीच्या सोयरिकीत हुग्गी नाही म्हणजे तिच्या हिशेबी देवाशिवाय पूजा. अक्का रात्रंदिवस रडवेली. तिला मुलगा देवळात एकदा दिसला होता आणि तेवढ्यात पसंत पडला होता. अप्पा म्हणाले, "साखरभात करू." मी म्हणाले, "साखरभात काय सुधारलेला हाय व्हय? त्यो तर लग्नात भटजीबी खातोय."

आणि नेमका त्या दिवशी हुसेनमियाँ कट्ट्यावर येऊन बसला. मी त्याला विचारलं, "मियाँ, तुमचा सायेब गोड काय खातोय?"

"सायेब तो कुछ बी खाता. पर सायबाची अम्मा आलीय ना इलायतेवरनं, बुड्ढी, ती फकस्त एकच चीज खाती. फ्रुमंटी."

"ते काय असतंय?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं, जसा काही पेठेत कुणी चोरून नेणार होता. "फ्रेंच लफ्ज हाय बेटी. फ्रेंच! इंग्लिश लोकान्ला खाना पकवायला कुणी शिकवलं? फ्रेंच लोकान्नी. बादशा लोकांच्या दस्तरखानावर असायची फ्रुमंटी. आता तिकडंबी लोक इसरले. ते बनवणारे दुनियेत दोघंच व्हते. एक वर गेला. दुसरा तुमच्या कट्ट्यावर बसलाय."

खिडकीच्या आत अक्काच्या बांगड्या वाजल्या. ती ऐकत होती. मी लगेच चेहरा पाडला. वस्तू हवी असली की चेहरा पाडायचा, हे मला तेव्हाही कळत होतं. "आमाला काय करायचंय बादशाचं," असं म्हणून मी तराजू पुसायला लागले.

पण तो माझ्या वरताण होता. तो उठलाच. शेवटी मलाच हाक मारावी लागली. कृती सांगायचे त्यानं आठ पायल्या सडलेली खपली मागितली, तीही आगाऊ. मी दोन म्हणाले. तो म्हणाला, "पोरीशी सौदा मैं नै करता. मालकान्ला बोलव. बाजारासारखा करू, रुमालाखाली."

बैलबाजारातली ही पद्धत पुष्कळांना माहीत असेल. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल किंवा उपरणं टाकायचं, आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं एक अक्षर नाही. एक बोट धरलं तर एक, पूर्ण पंजा धरला तर पाच. आणि पंजा धरून हात हलवला की "हात झाला". मग बैल लंगडा निघो की आंधळा, माघार नाही. अप्पांनी उपरणं टाकलं. मी त्यांच्या मागं उभी राहिले आणि आमचं ठरलं की मी पाठीला जितक्या वेळा बोट टोचीन तितक्या पायल्या अप्पांनी बोलायच्या. दोनला सुरुवात झाली. मियाँनं आतून काय दाबलं कोण जाणे, अप्पांनी मान हलवली. मी तीन टोचले. आता अप्पांना गुदगुल्या होत, हे मला माहीत असायला हवं होतं; मुलगी होते मी त्यांची. शिवाय रागात माझं नख जरा जोरात लागलं. तिसऱ्या टोचणीला अप्पा "अयाई" करून उडाले आणि तोल सावरायला मियाँचा अख्खा पंजा घट्ट धरला.

"पाच!" मियाँ ओरडला आणि त्यानं हात गदागदा हलवला. "हात झाला!"

"व्हय की," अप्पा पाठ चोळत म्हणाले. "झाला बाबा."

मी त्या दिवशी जेवले नाही. अव्वानं दोन दिवस मुसळ चालवून पाच पायल्या खपली सडली, आणि मियाँनं ती पोत्यात भरून डोक्यावर नेली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शिकवायला आला. आत येता येत नाही, म्हणून तो कट्ट्यावर बसून खिडकीतून सांगणार आणि अव्वा आत करणार, असं ठरलं. मी मध्ये उभी, एक अक्षर निसटू नये म्हणून.

"पयले," मियाँ म्हणाला, "सडलेली खपली घ्या."

अव्वानं हात थांबवून विचारलं, "जी तुमाला दिली तीच?"

"तीच."

अव्वानं घेतली. "आता पाण्यात शिजवा. आस्ते आस्ते. दाना फुटला पायजे." अव्वानं शिजवली. मियाँनं तेवढ्यात दोन पानं खाल्ली आणि फ्रेंच लोकांबद्दल बरंच सांगितलं. ते बेडूक खातात, हे ऐकून अक्का आतल्या खोलीत पळाली. "आता शक्कर."

"साखर संपलीया," अव्वा म्हणाली. "गूळ हाय."

"चलता. अडचण पडली तर फ्रेंच लोकबी गूळच घालतेत. आता जायफळ. आता दूद."

अव्वानं पळी पातेल्याच्या कडेला ठेवली. माझी अव्वा आयुष्यात मोठ्यानं बोलली नाही, तेव्हाही नाही. ती खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "मियाँ, ही हुग्गी हाय."

बाहेरून खोकला. "तशी दिसती," मियाँ म्हणाला. "पर फरक हाय ना. आता शेवटी दोन अंडी फोडून घाला."

दुकानातून अप्पांचं "शिव शिव शिव!" ऐकू आलं. लिंगायताच्या चुलीवर अंडं! अव्वानं पदरानं पातेलंच झाकलं.

"मंजे अंडं घातलं तर फ्रुमंटी?" मी दात आवळून विचारलं.

"हौ."

"आन नाही घातलं तर?"

त्यानं क्षणभर विचार केला. "तरबी फ्रुमंटी. उपासाची."

मी सूप उचलून खिडकीवर फेकलं. ते गजांना लागून माझ्याच पायावर पडलं. मी कट्ट्यावर धावले तोवर फेटा गल्लीच्या कोपऱ्यावर होता. "पोतं परत आणा!" म्हणून मी अप्पांवर ओरडले, तर अप्पा म्हणाले, "गौरे, हात झालाय. हात झाल्यावर बैलबी परत देत न्हाईत, ही तर खीर हाय."

दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. रात्री अव्वा म्हणाली, "मी हुग्गीच करती आन हुग्गी म्हणूनच वाढती. लेकीच्या सोयरिकीत खोटं नको." अक्का भिंतीकडं तोंड करून झोपली होती, पण तिची पाठ झोपलेली नव्हती. मी म्हणाले, "अव्वा, पाच पायल्या देऊन नाव घेतलंय. फुकट घालवू? तू नुसती कर. नाव मी सांगते." तिच्या गप्प राहण्याला मी होकार समजले. मी पुष्कळांच्या गप्प राहण्याला होकार समजून सौदे केलेत. सगळ्यांत महाग पडला तो हा.

हेडक्लार्क मुलाला घेऊन आले. कोट काढून बसले, घड्याळ बघितलं. भाकरी, वांगं, भात झाला. मग मी वाट्या आणल्या. त्यांनी वाटीत वाकून पाहिलं, नाक आक्रसलं.

"हे काय?"

"फ्रुमंटी," मी म्हणाले. "मिलच्या मॅनेजरसायबाच्या बंगल्यातली. त्यांची आई दुसरं काही खातच न्हाई. फ्रेंच हाय."

"आय सी," हेडक्लार्क म्हणाले. "फ्रुमंटी. हां हां. ऐकून आहे." मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "चमचा?"

आमच्या घरात चमचा नव्हता. मी तुपाची पळी दिली. लांब दांड्याची ती पळी त्यांनी अशा ऐटीत धरली की मुलगा खाली मान घालून वाटी संपवायला लागला. त्यांनी एक पळी तोंडात घातली. डोळे मिटले. दुसरी घातली. मग पळी बाजूला ठेवून चार बोटांनी खायला सुरुवात केली आणि तीन वाट्या संपवल्या. "असं पाहिजे!" अप्पांना म्हणाले. "नाहीतर जिकडं जावं तिकडं हुग्गी! ह्याला म्हणतात टेस्ट. केली कुणी?"

दाराआड अव्वाची सावली होती. मी म्हणाले, "हात घरचा. कृती बंगल्याची."

"तेच म्हटलं," ते म्हणाले. "हे आपल्या बायकांचं काम नव्हे." आणि भिंतीला टेकून बसले, आणि थोडा वेळ कुणाशी बोलले नाहीत. उठताना मुलगी पसंत असल्याचं सांगितलं.

घरात सगळे खूश. मी मात्र दुसऱ्या दिवशी उठून थेट बंगल्याच्या मागच्या दाराशी गेले, पोतं परत आणायला. मियाँ वाटाणे सोलत बसला होता. हेडक्लार्कांचं जेवण सांगता सांगता मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग खरं सांगितलं. म्हातारी विलायतेहून आली तेव्हापासून अन्नावर वासना नव्हती. सूप परत, कोंबडी परत, पुडिंग परत. संक्रांतीच्या दिवशी हा डब्यातली आमची हुग्गी स्वतः खात बसला होता. म्हातारी काठी टेकत स्वयंपाकघरात आली, डब्यात डोकावली, आणि त्याचा चमचा घेऊन खायला लागली. आणि रडली. "फ्रुमंटी, फ्रुमंटी" म्हणत रडली. तिच्या लहानपणी खेड्यात तिची आजी करायची. गावातल्या पोरी मोठ्या घरी कामाला जात. वर्षातनं एका रविवारी त्यांना आईला भेटायला सुट्टी मिळे, आणि त्या दिवशी आई ही खीर करून ठेवी. आता तिकडं कुणी करत नाही, शब्दसुद्धा कुणाला माहीत नाही, असं ती म्हणाली.

"मंग चीज तुमची, लफ्ज माझा," मियाँ म्हणाला. "हुग्गी तुमी बनवता, पर त्या क्लर्कानं हुग्गी खाल्ली असती का? पाच पायल्या लफ्जाच्या, बेटी. मैं तुमकू तुमारीच चीज दिया, पर इज्जतके साथ दिया."

मी वाटाण्याची परात उलटी करणार होते, तेवढ्यात म्हातारी स्वतः आली. एवढीशी. उन्हाळ्यात अंगावर शाल. मियाँनं तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडं बोट केलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ बोलली. मियाँ म्हणाला, "बोलती, तुझ्या आईला सांग, माझ्या आजीच्या हातची चव तिच्या हाताला हाय." मी पोतं न घेताच परत आले. रागात होते तरी निरोप अव्वाला दिला. अव्वा पीठ मळत होती. म्हणाली, "कळलं म्हण की तिला," आणि हसली.

माझ्या नातीनं अलीकडं कॉलेजातून जाडजूड शब्दकोश आणून तो शब्द काढला. आहे. मियाँ त्या बाबतीत खोटं बोलला नव्हता, आणि खोटं बोलण्यात तो किती काटकसरी होता याचं मला नवल वाटलं. शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, आता वापरात नाही. मूळ त्याहून जुन्या लॅटिन भाषेतलं, आणि अर्थ काय, तर धान्य, गहू. बस. सडलेला गहू दुधात शिजवून गोड करायचा. खेड्यापाड्यांत त्याचे चार-पाच उच्चार होते, कुणी फर्मिटी म्हणे, कुणी फर्मंटी. जुन्या काळी श्रीमंतांकडं त्यात अंडी आणि केशर घालत आणि हरणाच्या मांसाबरोबर वाढत. म्हणजे बादशाचं खाणं म्हणून ज्याच्यासाठी माझ्या अव्वानं दोन दिवस मुसळ चालवलं, त्याचं नाव उघडून पाहिलं तर आत नुसता गहू. आमची अव्वा तेच शिजवून त्याला हुग्गी म्हणत होती आणि कुणाकडं काही मागत नव्हती.

तर असं झालं. मग तक्रार कसली, असं कुणी विचारेल. अक्काचं लग्न झालं, संसार चांगला झाला. तक्रार ही, की त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं दर सणाला अव्वा लेकीच्या सासरी हुग्गीचा डबा घेऊन जायची. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर घर. हेडक्लार्क वाटी घ्यायचे, चाखायचे, आणि सगळ्यांदेखत म्हणायचे, "ठीक आहे. पण त्या दिवशीची फ्रुमंटी! ती काही तुमच्या हाताला जमली नाही हो पुन्हा." अव्वा पदर सावरून म्हणायची, "न्हाई जमली." सातासमुद्रापलीकडच्या म्हातारीला डब्यात डोकावून कळलं ते दोन गल्ल्यांवरच्या माणसाला तीस वर्षांत कळलं नाही. मी दर वेळी तोंड उघडायला जायची आणि अव्वा माझा हात दाबायची. लेकीचं घर होतं ते. तिथं सासऱ्याला खोटं पाडून लेकीला काय सुख?

हेडक्लार्क गेले, मग अव्वा गेली. परवा, म्हणजे गेल्या दिवाळीत, मी अक्काकडं बसले होते. अक्कानं हुग्गी केली होती, अव्वासारखीच. दाजींनी पहिला घास घेतला आणि सहज म्हणाले, "त्या दिवशी मला पहिल्याच घासाला कळलं होतं, गौरव्वा. घरोघरी शिकवणीला जायचो तेव्हा किती ठिकाणी खाल्लेली. हुग्गीच ती. एवढी चांगली मात्र कुठं खाल्ली नव्हती." मी म्हणाले, "मग बोलला का नाही?" म्हणाले, "अण्णांपुढं? वडलांपुढं?" मी म्हणाले, "अण्णा गेल्यावर अव्वा चार वर्षं होती." दाजी वाटीत बघत राहिले. म्हणाले, "राहूनच गेलं बघा."

हुसेनमियाँनं पाच पायल्या नेल्या. त्याला मी या वयात माफ करते, त्यानं निदान बदल्यात एक शब्द दिला. हेडक्लार्कांना खरोखरच कळलं नव्हतं. पण दाजी, तुम्ही मास्तर. चुकलेल्या पोराला बाकावर उभं करणारे. तुम्हाला चव कळली होती, हात कुणाचा तेही कळलं होतं, आणि तीस वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत माझी अव्वा "न्हाई जमली" म्हणत आली. अक्का हे तुम्हाला वाचून दाखवेल. "राहूनच गेलं" हे उत्तर मी घेणार नाही. तुमच्या लेकी-सुना, नातवंडं सगळी समोर बसवा आणि उभं राहून सांगा, त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं, ते कुणी केलं होतं, आणि तुम्ही गप्प का बसलात.